नऊ चिपांची ओळ

नागपूर, १६ जानेवारी १९८९

नीला,

आधी तिळगूळ खा, मग पत्र वाच. डब्याच्या तळाशी चार लाडू जरा कडक झालेत, ते मार्तंडभाऊजींना दे. माझ्या लाडवांना दगड म्हणणारा दीर घरात उरला नाही, त्यामुळे यंदाची संक्रांत अगदीच फिकी गेली.

तुम्ही उमरेडला, तुझ्या माहेरच्या गावी, दुकान थाटलंत ते बरंच झालं. पण सक्करदऱ्याच्या आमच्या दुकानात आता एक टेबल रिकामं दिसतं आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते. गोपाळरावकाकांनी दिवाळीत वाटणी केली ती कोणी बोट दाखवू नये अशी केली. दोन भाऊ, दोन कम्प्युटर, एकेक. तेवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण काकांनी डबे उघडायला लावले आणि आतल्या मेमरीच्या चिपासुद्धा काढून, पंगतीत वाढावं तसं एक इकडे, एक तिकडे वाटल्या. भाऊजी म्हणत होते की ह्या अशा वाटता येत नाहीत. तर आमचे हे सगळ्यांदेखत म्हणाले, "तुले माह्यापेक्षा जास्त समजते काय गा?" भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

आता कम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन इंग्रजी शब्द उमटतात आणि सगळं जागच्या जागी थांबतं. हे त्याला चापट मारतात, शिव्या देतात, पुन्हा सुरू करतात. मार्च-एप्रिलात शाळांचे निकाल काढायचं काम येतं, त्यावर आमचं वर्ष चालतं. भावाला विचारा म्हटलं तर जेवत्या ताटावरून उठले. तू भाऊजींना सहज विचारल्यासारखं विचार. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझी,
प्रेमिला


उमरेड, २४ जानेवारी १९८९

ती. ताई,

लाडू पोचले. ह्यांनी एक दाताखाली धरला आणि म्हणाले, "वहिनीचा हात काही बदलला नाही." चारही त्यांनीच खाल्ले, छोट्या जयाला एक तुकडा दिला.

ताई, आमचाही कम्प्युटर असाच अडतो. मला विचारावंसुद्धा लागलं नाही, हे आपणहोऊन बोलत बसले. ते सांगतात, डब्यात चिपांच्या ओळी असतात, एका ओळीत नऊ. आठ चिपा काम करतात आणि नववी त्यांच्यावर लक्ष ठेवते. चूक दिसली की नववी सगळं थांबवते, तेच ते दोन इंग्रजी शब्द. एका ओळीत सगळ्या एकाच मापाच्या लागतात. ह्यांनी मेमरी वाढवायला मागच्या वर्षी मुंबईहून मोठ्या, जास्त साठवणाऱ्या चिपा आणल्या होत्या. त्या दिसायला जुन्या लहानांसारख्याच, फक्त अंगावरचा आकडा वेगळा. काकांनी दोन्ही सारख्याच समजून वाटल्या. आता आमची पहिली ओळ नीट आहे, दुसरीत मोठ्या-लहान मिसळल्या आहेत. तुमचंही तसंच असणार.

मी म्हटलं, मग अदलाबदल करा ना. तर म्हणाले, "मोठ्या दादालेच पाहिजेत, निकालाचं काम त्याच्याकडे हाये. आपलं लहानावर भागते. पण त्यानं मागाव्या. मी काय नाही म्हणतो?"

ताई, दादा मागतील का हो? हे रात्रंदिवस त्यावरच आहेत. बोलत नाहीत, पण रस्त्यावर नागपूरची एसटी थांबली की मान वर करून पाहतात.

तुमची,
नीला


नागपूर, १ फेब्रुवारी १९८९

नीला,

दादा मागणार नाहीत. तुझे हे मागितल्याशिवाय देणार नाहीत. म्हणजे दोघं दोन गावांत बसून म्हातारे होणार आणि आपण दोघी जावा संक्रांतीचे डबे पाठवत राहणार. मला नाही हे चालायचं.

असं कर. त्या दुसऱ्या ओळीतल्या मोठ्या चिपा तूच काढून अंजनाबाईंच्या हाती दे. त्या तुमच्याकडच्या साड्या घेऊन दर पंधरवड्याला इथे येतातच. मी ह्यांना सांगेन की भाऊजींनी पाठवल्या, न मागता पाठवल्या. मग बघ कसे विरघळतात. बदल्यात लहान चिपा हे स्वतःच्या हातानं देतील, तिथे मला काही करावं लागणार नाही. भाऊजी देणारच म्हणतात ना? मग आपण फक्त त्यांचा हात थोडा आधी पुढे केला, एवढंच. ह्याला खोटं म्हणत असतील तर म्हणोत.

तुला काढता येतील ना गं? मोडू नकोस म्हणजे झालं.

प्रेमिला


उमरेड, ९ फेब्रुवारी १९८९

ती. ताई,

अंजनाबाईंच्या पिशवीत पुडकं ठेवलं आहे. हे खाणीवरच्या पतसंस्थेत गेले होते तेव्हा काढलं. त्यांना काढताना पाहिलं आहे, चपट्या पेचकसानं आधी एक टोक जरासं उचलायचं, मग दुसरं. एकही मोडली नाही. आकडे चारचारदा वाचले.

आमच्या विणकरांच्या घरात जपायचं ते रेशमात ठेवतात. आजीची नथ, जयाचं जावळ, माझी लग्नपत्रिका, सगळं रेशमात. रेशमाला वाळवी लागत नाही आणि विटाळही नाही, असं बाबा म्हणतात. मागावर कापड उरलं होतं, त्यातला तुकडा मागून घेतला. चिपांवर दिवाळीपासूनची धूळ होती, ती त्याच रेशमानं घासून घासून पुसली. एकेक अशी चकचकीत झाली की दादांना वाटेल नव्याच पाठवल्या. मग त्यातच घट्ट गुंडाळल्या.

हे आल्यावर विचारतील तेव्हा काय सांगू, ते अजून ठरवलं नाही. मला भीती वाटते आणि आनंदही होतो. दादा काय म्हणाले ते लगेच कळवा.

नीला


नागपूर, ११ फेब्रुवारी १९८९

नीला,

अंजनाबाई दारात उभ्या आहेत, म्हणून दोनच ओळी.

ह्यांनी पुडकं हातात घेतलं आणि विचारलं, "त्यानं सोताहून पाठवल्या?" मी हो म्हटलं. पाठ फिरवून उभे राहिले, डोळे पुसत होते. माझ्या नवऱ्याला मी एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे डबा उघडून आमच्या लहान चिपा काढल्या आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात बांधल्या. मी विचारलं, ह्या कागदात कशाला? तर म्हणाले, "मार्तंड असाच ठेवते." का ठेवतो ते त्यांनाही ठाऊक नाही, पण त्याच्यासारखंच केलं.

तुमच्या चिपा अजून बसवल्या नाहीत. अंजनाबाईंची बस चुकायला नको, आधी मार्तंडचं पाठव, म्हणाले.

प्रेमिला


उमरेड, १८ फेब्रुवारी १९८९

ती. ताई,

तुमचं पुडकं ह्यांच्या हातात दिलं आणि जे केलं ते सांगून टाकलं. म्हटलं, मोठ्या मी पाठवल्या, ह्या दादांनी स्वतः काढून दिल्या. रागावतील म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते रागावले नाहीत. चंदेरी कागद उलगडला, पुन्हा घडी घातला आणि म्हणाले, "दादानं बांधलं हे. मी शिकवलं होतं त्याले." तो कागद खिशात ठेवला. चिपा बसवल्या, कम्प्युटर एका झटक्यात सुरू झाला. जयाला उचलून दुकानभर फिरवलं.

आता होळीला नागपूरला यायचं म्हणतात. मीही कुरड्या करायला घेतल्या आहेत. मधे दोन-चार दिवस त्यांना अन्न नको वाटत होतं, डोळे जरा पिवळट दिसतात. कडक ऊन लागलं असेल. ह्या आनंदात जेवू लागतील.

दादांचा कम्प्युटर कसा पळतो ते लिहाच.

नीला


नागपूर, २७ फेब्रुवारी १९८९

नीला,

हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. आमचा कम्प्युटर चालत नाही. ह्यांनी तुमच्या चिपा बसवल्या, तर आधी निदान दोन शब्द यायचे, आता तेही येत नाहीत. काळा पडदा. काढून पुन्हा घातल्या, जागा बदलल्या, धंतोलीहून एका जाणत्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, ह्या सगळ्या मेलेल्या आहेत, एकही जिवंत नाही.

हे काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "एखादी मेली असती तर समजलो असतो. सगळ्या मेलेल्या वेचून पाठवल्या, पुसून चकचकीत करून. आणि मी त्याले आपल्या चांगल्या देल्या." मग कुलूप लावून बाहेर गेले.

मी सांगणार होते की पाठवल्या त्या नीलानं. तोंडाशी आलं होतं. पण मग ते म्हणतील, म्हणजे त्यानं पाठवल्याच नाहीत, तू मला फसवलंस. जी थोडी माया वर आली होती तीही जाईल, असं वाटून मी गप्प बसले. होळीला येऊ नका. इथे आत्ता कोणी आलेलं मला नको आहे.

चिपा जाताना चांगल्या होत्या ना गं?

प्रेमिला


उमरेड, १४ मार्च १९८९

ती. ताई,

चांगल्या होत्या. मी मारल्या.

तुमचं पत्र मी लपवून ठेवलं होतं, पण होळी जवळ आली आणि हे जायचे कपडे पिशवीत भरू लागले तेव्हा सांगावंच लागलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कशात बांधल्या होत्या? मी म्हटलं, रेशमात. आधी पुसूनही घेतल्या. ते हसायलाच लागले, इतके हसले की धाप लागली. मग एकदम थांबले. थंडीत कांबळं अंगावरून ओढलं की चटचट आवाज होतो ना, ते म्हणतात तेवढ्या विजेनंही चिप मरते. रेशमानं घासलं की तशीच वीज तयार होते. वरून काहीच दिसत नाही, चिप आणखी सुंदर दिसते. चंदेरी कागदात ती वीज साचत नाही, म्हणून ते त्यात ठेवतात. हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

ताई, ते माझ्यावर एक शब्दही रागावले नाहीत. त्यांना एकच लागलं आहे. "दादाले वाटत असेल मी मुद्दाम केलं. तो जन्मभर तेच धरून बसन." दिवसातून चारदा हेच म्हणतात.

ती कावीळ आहे, ऊन नव्हे. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं आहे. उसाचा रस आणि फुटाण्यांवर आहेत. नखंसुद्धा पिवळी झाली. आणि तशात म्हणतात की पहिल्या ओळीतल्या चांगल्या मोठ्या चिपा काढतो आणि दादाला नेऊन देतो, आपलं दुकान बंद राहिलं तरी चालेल. मी दारात आडवी पडते म्हणून थांबले आहेत.

भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही ही आपली रीत, नाहीतर मीच दादांना पत्र घातलं असतं. तुम्ही सांगा. माझं नाव घ्या, मला काय बोलायचं ते बोलोत. पण त्यांना इथे पाठवा. दुसरं काही मागत नाही. दादा एकदा खाटेजवळ येऊन बसले तर हे झोपतील, नाहीतर हे उठून चालू लागतील.

नीला


नागपूर, ४ एप्रिल १९८९

नीला,

भाऊजी घरी पोचले का? सुखरूप आहेत का? आधी ते कळव, मग खालचं वाच.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज आज सांगू, उद्या सांगू करत होते. ह्यांचा एक दिवस बरा लागला की सांगायचं ठरवायचे आणि घाबरून गप्प बसायचे. शेवटी म्हटलं, पाडवा येतोच आहे, सणाच्या दिवशी माणूस नरम असतो. पाडव्याला सांगणार होते. काल भर दुपारी भाऊजीच आले.

हे खिडकीतून त्यांना येताना पाहून आतल्या खोलीत गेले आणि मला म्हणाले, "मी घरी नाही म्हणून सांग." मी दारात गेले, नीला, आणि तसंच सांगितलं. ओट्यावर ह्यांच्या चपला होत्या. भाऊजींनी त्या पाहिल्या, आपल्या त्यांच्या शेजारी काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसले. त्यांचा रंग हळदीसारखा पिवळा झाला होता. पाणी दिलं, ते दोन घोट प्यायले. आत या म्हटलं तर म्हणाले, दादा नाही तर आत येऊन काय करू. मग खिशातून चंदेरी पुडी काढून दिली. "वहिनी, दादाले सांगजा. ह्या चांगल्या हायेत. त्या रेशमानं मेल्या. मी मेलेल्या नव्हत्या पाठवल्या." जरा मोठ्यानं बोलले, आत ऐकू जाईल एवढ्यानं. नंतर थोडा वेळ बसून राहिले, दाराकडे बघत. मग चपला घालून उन्हात निघून गेले.

ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी आत जाऊन सगळं ओकून टाकलं. तू पाठवल्यास ते, माझं खोटं, रेशीम, कावीळ, सगळं. हे भिंतीला टेकून खाली बसले. मी म्हटलं, धावत जा, स्टँडवर भेटतील. उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, असं रस्त्यात नाही. वाटणी काकांसमोर झाली, आता माफीही काकांसमोर मागतो. रविवारी मौद्याहून काकांना घेऊन रीतसर येतो आणि भावाला नागपूरच्या दवाखान्यात आणतो.

रविवारी आम्ही सगळे येतो. भाऊजींना एवढं सांग. तोवर त्यांना जप.

प्रेमिला


नागपूर, २ मे १९८९

नीला,

भासऱ्यानं भावजयीशी थेट बोलू नये ही रीत मी आजवर पाळली. तेराव्यालाही तुझ्याशी बोललो नाही, तुझ्याकडे पाहायची हिंमत नव्हती. आज पत्रात ती रीत मोडतो आहे.

रविवारसाठी काकांना निरोप पाठवला होता, जायचं धोतर काढून ठेवलं होतं. शनिवारी तुमची तार आली. रीतसर जायच्या नादात मी माझ्या भावाला पाच दिवस थांबवलं आणि तो थांबला नाही. मी आतल्या खोलीत होतो. त्याचा शब्द न् शब्द मी ऐकला. तो ओट्यावर बसून होता तोवर मीही दाराला हात लावून उभा होतो. कडी काढायला किती वेळ लागतो? माझ्या मनात होतं की त्यानं आणखी एकदा दादा म्हणावं, मग उघडतो. एवढाच हट्ट होता माझा.

आईला आणि काकांना वाटतं की मार्तंड आला तेव्हा मी कामावर होतो. प्रेमिला माझ्यासाठी तसं बोलली. मला ते सहन होत नाही. काका येता-जाता म्हणतात, बिचाऱ्या कृष्णकांताची आणि भावाची चुकामूक झाली. लोक मला धीर देतात. मी घरातच होतो आणि दार उघडलं नाही, हे आता तू सर्वांना सांग. तुझा तो हक्क आहे. तू सांगितलंस तर मला निदान कोणी शिव्या देईल.

त्यानं दिलेल्या चिपा मी बसवल्या. चालतात. कम्प्युटर तुझ्याकडे पाठवायची तयारी करतो आहे. तो चालवायला मला बसवत नाही.

कृष्णकांत


उमरेड, ११ मे १९८९

ती. दादा,

कम्प्युटर पाठवू नका. शाळांचे निकाल त्यावर काढा, त्यासाठीच ह्यांनी चिपा दिल्या होत्या.

तुम्हाला माहीत नाही ते लिहिते. त्या दिवशी माझी नजर चुकवून गेलेले हे दिवेलागणीला घरी पोचले. बसमधून उतरवायला दोन माणसं लागली. मी खाटेवर निजवलं आणि विचारलं, भेटले का दादा? ते म्हणाले, "दादा घरी नव्हता वं. असता तर त्यानं मले असं जाऊ देलं असतं काय? धरून बसवलं असतं." मी खरं मानलं. मला बरं वाटलं, म्हटलं रागानं नाही, कामानं भेट चुकली. दुसऱ्या दिवशी मामंजी नसलेल्या घरात थोरला भाऊ बापासारखा असतो, असं ग्लानीत काहीबाही बोलत होते. ताप चढल्यावर बोलणं तुटलं, ते पुन्हा नीट जुळलं नाही. म्हणून दादा घरी नव्हता, हेच त्यांनी मला शुद्धीत सांगितलेलं शेवटचं.

ताईंचं पत्र गुरुवारी आलं. ओट्यावरच्या चपलांचं वाचलं तेव्हा कळलं की ह्यांना सगळं ठाऊक होतं. ते पत्र हातात घेऊन मी त्यांच्या उशाशी बसले होते. वाचून दाखवलं नाही. रविवारी तुम्ही येणार आहात एवढं मात्र कानात सांगितलं. ऐकू गेलं की नाही, देवाला माहीत.

तुम्ही म्हणता, सर्वांना सांग. मला खूप राग आहे, दादा. तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, त्या रेशमावरही आहे. काही दिवस असे जातात की चौकात उभं राहून ओरडून सांगावंसं वाटतं. पण मी सांगणार नाही. तीस मैल उन्हात जाऊन, बंद दारापुढे बसून, परत येताना त्यांनी तुमच्यासाठी एक गोष्ट ठरवून आणली होती. अंगात त्राण नसताना ती माझ्यासमोर नीट बोलले, मी संशय घेऊ नये म्हणून हसलेसुद्धा. ती मी खोटी पाडू का?

आईंना मी तेच सांगितलं आहे. जया मोठी होऊन विचारेल तेव्हा तिलाही तेच सांगेन. कोणी तुम्हाला धीर दिला तर तो घ्या आणि गप्प राहा. कितीही जड गेलं तरी हे तुम्हाला करावंच लागेल, कारण माझ्या नवऱ्याची तशी इच्छा होती.

तुम्ही त्या दिवशी घरी नव्हता.

नीला